खेळणं कुणाला म्हणता?

परवा ऑफिसात जेवताना एका ज्युनिअरला ग्रिस्कमची गोष्ट सांगत होतो. वेस्टिंगहाउसमधला हा इंजिनिअर. वीजवहनाच्या स्थिरतेचा प्रश्न त्याने १९२६ साली दांड्या, स्प्रिंगा आणि वजनं जोडून समजावला होता. पठ्ठ्या हसला. म्हणाला, "सर, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला नेऊ या का?"

माझी सटकलीच. हेच हसू मी कॉलेजात ऐकलंय. आमच्या लॅबमधलं असलंच एक मॉडेल नवीन सिम्युलेशन पॅकेज आल्यावर भंगारात गेलं. मग आम्ही ढिगाने स्विंग कर्व्ह छापले, मार्क मिळवले, आणि रोटर 'सिंक्रोनिझममधून बाहेर पडतो' म्हणजे नक्की काय होतं ते कुणालाच सांगता येईना.

मंडळी, मुळात ही नुसती उपमा नाही. एकाच आसावर फिरणाऱ्या दोन दांड्यांची टोकं स्प्रिंगने जोडा. दांडीची लांबी म्हणजे व्होल्टेज, स्प्रिंग म्हणजे लाइन. स्प्रिंगची मूळ लांबी नगण्य असेल तर पीळ दांड्यांमधल्या कोनाच्या साइनच्या प्रमाणात वाढतो. लाइनमधून जाणारी वीजही तशीच! नव्वद अंशांपर्यंत स्प्रिंग ओढून धरते, पुढे तिची पकड सुटत जाते. हे हाताला कळतं. आणि जनरेटरचा रोटर तर खराखुरा, टनावारी वजनाचा फिरता लोखंडी गोळा आहे. सॉफ्टवेअरमधलं स्विंग इक्वेशन म्हणजे त्याला लावलेला न्यूटनचा नियम. मग खेळणं कोणतं?

३० जुलै २०१२ आठवा. बीना-ग्वाल्हेर-आग्रा मार्गावरचं एक सर्किट कामासाठी बंद होतं. चालू सर्किटवर भार चढला, आणि रात्री अडीचच्या सुमारास रिलेने त्या भारालाच फॉल्ट समजून लाइन तोडली. शॉर्टसर्किट झालंच नव्हतं! पश्चिमेकडून उत्तरेला जाणारी वीज मग पूर्वेकडून वळसा घालून निघाली, म्हणजे लांबलचक, लिबलिबीत स्प्रिंगवरून. कोन वाढला, झोके सुरू झाले, उत्तरेची ग्रिड बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच जागी पुन्हा तेच, आणि या वेळी उत्तर, पूर्व, ईशान्य तिन्ही गेल्या. ६० कोटींहून जास्त लोकांचा पट्टा. शंभर पानी अहवाल वाचण्याआधी चार दांड्या जोडून एक स्प्रिंग कापून बघा, अहवाल भराभर कळेल.

आता कबुली. रोजचा हिशोब सॉफ्टवेअरनेच करायचा, देशाची ग्रिड कोण स्प्रिंगांवर उभी करणार? २८ एप्रिल २०२५ला स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेलं ते व्होल्टेज चढत गेल्यामुळे. ते या मॉडेलमध्ये धड दिसणारही नाही. मान्य.

पण सोलर इन्व्हर्टरमध्ये फिरतं वजन नसतं. औष्णिक संच बंद करून तिथे सोलर जोडलं की आपण दांडीवरचं वजन काढत असतो, आणि तोच धक्का दांडीला जास्त जोरात भिरकावतो. आपल्या पोरांना हे 'इनर्शिया' नावाच्या रकान्यातला एक आकडा म्हणून माहीत आहे. पाचाचा तीन केला, रन दाबलं, ग्राफ हिरवा, चला घरी. उद्या हीच पोरं ग्रिडसाठी कोड लिहिणार आहेत, म्हणून चिडचिड होते.

असो. शनिवारी जुन्या बाजारातून सायकलची दोन चाकं आणलीत. ज्युनिअरला रविवारी घरी बोलावलंय. चहा माझा, स्प्रिंग तो कापणार.