दवाखाना मोठा कशाने होतो?

(द्वितीय वर्ष, कला)

एखादा दवाखाना मोठा झाला असे आपण केव्हा म्हणतो? मजले चढले, खाटा वाढल्या, नवी यंत्रे आली, की म्हणतो. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाची वाढही अशी सांगता येईल. १९४४ च्या फेब्रुवारीत कस्तुरबा गेल्या. पुढल्याच वर्षी डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला स्त्रिया व मुलांसाठी १५ खाटांचा दवाखाना सुरू केला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, त्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निघाली. पहिल्या तुकडीत ६० विद्यार्थी होते. आज खाटा नऊशेच्या वर आहेत.

हा विस्तार मोठाच आहे. परंतु माझ्या मते या रुग्णालयाची खरी वाढ मोजायची ती ज्वारीच्या पोत्यांनी.

१९८० च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या खेड्यांत एक योजना आणली. सुगी झाली की प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची. ज्याची जमीन जास्त, त्याची ज्वारी जास्त. भूमिहीन मजुराचा वाटा थोडा. पण वाटा त्याचाही होताच. गावातील शंभरापैकी निदान ७५ कुटुंबे सामील झाली पाहिजेत, अशी अट होती. त्याबदली अचानक आलेल्या आजारात रुग्णालयात भरती मोफत. बाळंतपण, मोतीबिंदू अशा आधी ठाऊक असलेल्या गोष्टींना बिलाचा चौथा हिस्सा.

मी शेतमजुराच्या घरातला. आमच्याकडे दवाखान्याची वाट आधी उसने पैसे देणाऱ्याच्या दारावरून जाते. तेथे हात जोडायचे, आणि दवाखान्यात पोहोचल्यावर पुन्हा जोडायचे. उपचार फुकट मिळाले तरी हे हात जोडणे सुटत नाही. ज्याने आपली ज्वारी घातली आहे, तो मात्र मान वर करून बोलू शकतो.

कोणी म्हणेल, गरिबाकडून ज्वारी तरी का घ्यावी? आज शासनाची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच. ती हवीच, मोठ्या शस्त्रक्रियेचा सगळा खर्च काही गावच्या ज्वारीतून निघत नाही. पण योजनेचे कार्ड एकेकट्या कुटुंबापाशी असते. ज्वारी साऱ्या गावाने मिळून घातलेली असते, आणि गाव एकत्र बसले की औषध का संपले, डॉक्टर का आले नाहीत, हे विचारण्याचे बळ येते.

मित्रहो, आपल्यातले कित्येकजण उद्या शिक्षक होतील, ग्रामसेवक होतील. गावासाठी दवाखाना मागाल तेव्हा खाटा किती, हे जरूर विचारा. त्याबरोबर गावातल्या शेवटच्या घराचा त्यात वाटा कोणता, हेही विचारा.