१६ चा एमसीबी काढून ३२ चा टाकणाऱ्यांनो...

भिंगारच्या जुन्या घरांत आता एसी आलेत, वायरिंग मात्र वडिलांच्या काळातलं. एसी आणि इस्त्री एकदम लावली की एमसीबी पडतो. वायरमन येतो, बोर्डाचा फोटो काढून ग्रुपवर टाकतो, "१६ चा टिकत नाय, काय करू?" उत्तर येतं, "३२ चा टाक." टाकतो. लाईट टिकते, मालक खूश.

भिंतीतली वायर दीड एमएमचीच राहते. तिच्यातून ३० अँपिअर गेले तरी नवा एमसीबी पडत नाही, आत इन्सुलेशन वितळत राहतं. पुढं काय होतं ते सांगायला नको. शॉकपासून माणूस वाचवायला तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. तुमच्या घरात आहे का, बघा एकदा.

विचारणाऱ्या पोराला मी नावं ठेवणार नाही. "२० वर्षं हेच करतोय" म्हणून कुणालाच न विचारणारा जास्त घातक. पण फोटोत वायरची जाडी कळत नाही, अर्थिंग तर नाहीच नाही. त्यासाठीच आयटीआयचा दोन वर्षांचा वायरमन ट्रेड आहे, सरकारी परवाना आहे. आपण काय करतो? नवं कनेक्शन घेताना टेस्ट रिपोर्टवर परवानावाल्याची सही आणतो आणि काम स्वस्तातल्या माणसाला देतो.

मंडळी, तुमच्या वायरमनला परवाना कधी विचारलाय का? कमेंटमध्ये खरं सांगा.