अंगणातली चेपलेली जीप

मैत्रिणींनो, या आठवड्यात लोणच्याची बुरशी आणि रेशमी साडीवरचे डाग जरा बाजूला ठेवू. सिंदेवाहीहून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. नाव देत नाही, पण प्रश्न आपल्या भागातल्या पुष्कळ घरांतला आहे.

त्यांच्या यजमानांनी तीन वर्षं खपून एक जीप उभी केली. सांगाडा लिलावातला, इंजिन दुसऱ्याच गाडीचं, पत्रा ठोकून घेतलेला. मागच्या पावसाळ्यात मूलच्या रस्त्यावर, जंगलात, रानडुक्कर आडवं आलं आणि गाडी झाडावर गेली. देवदयेनं माणसं वाचली. धाकट्याच्या हाताला प्लास्टर घालावं लागलं. तेव्हापासून जीप अंगणात ताडपत्रीखाली पडून आहे. यजमान म्हणतात, पुन्हा उभी करू. सासूबाई म्हणतात, असलं अपशकुनी लोखंड दारात नको. मिस्त्री म्हणतो, दीड लाखात होऊन जाईल. भंगारवाला चाळीस हजार देतो म्हणतो. आणि हे दीड लाख यायचे कुठून, तर मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेल्या मुदत ठेवीतून! ताई विचारतात, "मी नाही म्हटलं तर वैरीण ठरते. काय करू?"

ताई, नाही म्हणू नका. मोजायला लावा.

यजमानांचा जीव त्या लोखंडात का अडकला, हे आधी समजून घ्या. जीप ही जातच जुळवाजुळवीची. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत महिंद्रांनी मुंबईत विलिस जीप बनवायला सुरुवात केली, तीसुद्धा बाहेरून आलेले सुटे भाग जोडूनच. नट-बोल्ट सोडले की सुटते, आवळले की उभी राहते. आपल्या हातानं उभं केलेलं मोडलं की माणसाला ते भंगार दिसत नाही. आपण नाही का, पहिल्या बाळंतपणात विणलेला स्वेटर विरला तरी ट्रंकेत ठेवतो!

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांची गोष्ट तुम्ही वाचली असेल. त्यांनी भंगारातून, सुमारे 60,000 रुपयांत, मोटारसायकलसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली. डिसेंबर 2021मध्ये तिचं चित्रण देशभर पाहिलं गेलं. आनंद महिंद्रांनी तोंड भरून कौतुक केलं आणि त्याच दमात म्हटलं की ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर अडवतील. त्यांनी बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी 2022मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. लोहारांची कारागिरी खोटी ठरली का? मुळीच नाही. पण मुलाबाळांना घेऊन फिरायला कागदपत्रांची गाडी आली. हे यजमानांना सांगून पाहा. मात्र जेवण झाल्यावर.

आता मोजणीकडे वळू. पहिली चेसिसची. पत्रा, बोनेट, मडगार्ड हे कपड्यासारखं, बदलता येतं. चेसिस म्हणजे पाठीचा कणा. गाडी सपाट जागी उभी करा. चेसिसच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या भोकांतून गवंड्याचा ओळंबा सोडा आणि खाली जमिनीवर खडूनं खुणा करा. पुढे दोन, मागे दोन. मग सुतळीनं आडवे-तिडवे कर्ण मोजा. मी शाळेत मराठी शिकवते, गणित नव्हे, पण रांगोळीचा चौकोन वाकडा झाला की कर्ण बोलतात, एवढं आपल्या सगळ्यांनाच ठाऊक आहे. शिवाय पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, चाकं सरळ ठेवून, डावीकडे नि उजवीकडे मोजा. फरक चांगलाच दिसला, किंवा चेसिसच्या पट्टीला चीर आणि सुरकुती असली, तर चांगल्या कारखान्यात तपासल्याशिवाय एक रुपया खर्चू नका. ठोकून सरळ दिसलेली चेसिस खड्ड्यात पुन्हा दगा देऊ शकते, आणि आपल्या रस्त्यांवर पुढचं माणूस किती मैलांवर भेटेल, हे तुम्हांला सांगायला नको.

दुसरं कागदांचं. नोंदणीपुस्तक काढा. चेसिसवर कोरलेला आकडा आणि इंजिनावरचा आकडा त्याच्याशी जुळतो का, ते कागद ठेवून पेन्सिलीनं छाप घेऊन पाहा. 1988च्या मोटार वाहन कायद्याचं 52वं कलम कंपनीनं दिलेल्या मूळ स्वरूपात मनमानी बदल करू देत नाही. इंजिन बदलायचं तर परिवहन कार्यालयाची मंजुरी हवी. इंजिन दुसऱ्याच गाडीचं आहे असं तुम्हीच लिहिता, म्हणजे ही गाठ आधी सोडवावी लागेल. शिवाय 15 वर्षांवरच्या खाजगी गाडीची नोंदणी दर 5 वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. दीड लाख घालून गाडी तिथेच अडकली तर?

विम्याची फार आशा नको. फक्त तिऱ्हाइताचा विमा असेल तर आपल्या गाडीच्या मोडतोडीचा पैसाही मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी जुन्या गाडीच्या सुट्या भागांवर घसारा कापतात. रबर-प्लास्टिकवर तर निम्मा.

मिस्त्रीचं "होऊन जाईल" हे उत्तर नव्हे. सुटे भाग, मजुरी, रंग, ओढून नेण्याचं भाडं असं वेगवेगळं लिहून मागा, आणि दुसऱ्या गॅरेजचाही अंदाज घ्या. गाडी उघडल्यावर आतलं निघतंच; निदान पावपट जास्त धरा. मग यजमानांना एकच विचारा : एवढ्याच पैशांत कागदांची चांगली जुनी गाडी मिळत असेल तर कोणती घ्याल?

माझं मत विचारता म्हणून सांगते. चेसिस सरळ आणि कागद स्वच्छ, तर सावकाश, जमेल तसं, यजमानांच्या स्वतःच्या शिलकीतून उभी करू द्या. दोन्हींपैकी एक जरी वाकडं निघालं तर विका. आणि मुलीच्या ठेवीला कुठल्याच परिस्थितीत हात नाही! यावर मात्र वैरीण ठरलात तरी चालेल.

विकताना घाई नको. भंगारवाल्यानं नोटा मोजल्या नि ट्रकवर जीप चढवली, म्हणजे संपलं असं नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2018मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट केलं, की कागदावर ज्याचं नाव तोच मालक. मधे गाडी कितीही हात फिरली तरी अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात. तेव्हा चालवायला विकत असाल तर 29 आणि 30 नंबरचे फॉर्म भरून नावबदल पुरा होईपर्यंत पाठपुरावा करा. मोडीतच काढायची तर 14 दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून नोंदणी रद्द करून घ्या. सरकारमान्य मोडतोड केंद्र कुठलं जवळ पडतं, हेही तिथेच विचारा. त्यांच्या दाखल्यावर नवी गाडी घेताना करात सवलत मिळू शकते. प्रत्येक कागदाची झेरॉक्स कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली.

आणि हो, गाडी जाण्याआधी स्टिअरिंगचं चाक यजमानांना काढून ठेवू द्या. वजनात तेवढ्यानं काही फरक पडत नाही.