नाणेघाटाचें नांव आणि जकातीचा रांजण

नाणेघाट पाहून येणारा प्रत्येक सुशिक्षित गृहस्थ परततांना एक सिद्धांत बरोबर घेऊन येतो. माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यांत सातवाहनांचे अधिकारी जकातीचीं नाणीं टाकीत. म्हणून ह्या वाटेस नाणेघाट म्हणतात! ही सांखळी इतकी सुबक आहे कीं, तिची एकही कडी तपासावी असें कोणास वाटत नाहीं. विद्यार्थी ती उत्तरपत्रिकेंत उतरवितात आणि आम्ही अध्यापक तीस पूर्ण गुण देतों. हें पाप मींही अनेक वर्षें केलें आहे.

वाटेच्या प्राचीनत्वाविषयीं वाद नाहीं. कल्याण व सोपारा ह्या बंदरांतला माल वैशाखऱ्याच्या बाजूनें चढून घाटघरास येई व तेथून जुन्नरास जाई. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचीं नांवें आहेत, तीं ह्या रहदारीचीच साक्ष देतात. अशा वाटेवर जकात घेत असावेत, हें मलाही मान्य आहे. पण जकात असावी म्हणणें निराळें, आणि तीवरूनच नांव पडलें म्हणणें निराळें.

माथ्याजवळच्या लेण्यांतील ब्राह्मी लेख १८२८ सालीं साइक्स साहेबाच्या दृष्टीस पडला. पुढें भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर ह्यांनीं त्याचा कसून अभ्यास केला. राणी नागनिकेच्या ह्या लेखांत अश्वमेध आहे, राजसूय आहे, हजारों गाई आहेत आणि नाण्यांचे मोठमोठे आंकडेही आहेत. परंतु तीं नाणीं यज्ञांतल्या दक्षिणेचीं व दानाचीं. वाटसरूंकडून घेतलेलीं नव्हत. त्यांस तेथें म्हटलें आहे ‘काहापण’, नाणें नव्हे. ‘नाणक’ हा शब्द कुशाणांच्या नाण्यांवरील नना देवीवरून निघाला, असें कित्येक पंडित मानतात. तें खरें असेल तर नागनिकेच्या काळीं तो जन्मासही आला नव्हता. नांव मागाहून पडलें असेल, असें कोणी म्हणेल. खुशाल म्हणावें, मात्र मग त्यास सातवाहनांच्या खजिन्याची मोहोर लावूं नये. शिवाय कामशेतजवळ नाणें गांव आहे, त्यावरून नाणे मावळ आहे; तेथें कोणता रांजण दाखवणार?

आणि रांजण म्हणजे काय? मराठी माणूस रांजणांत पाणी भरतो. धनाचे रांजण आमच्या गोष्टींत असतात खरे, पण ते जमिनींत पुरलेले. भर रस्त्यांत उघडे ठेवलेले नव्हेत. येवढी चढण चढून आलेल्या हमालास आधीं काय हवें असेल, हें पुण्याहून मोटारीनें थेट माथ्यावर पोंचणारास सुचत नाहीं. हाही माझा तर्कच आहे. पण मी तो तर्क म्हणूनच मांडतों.

शेजारच्या कड्यास ‘नानाचा अंगठा’ म्हणतात, आणि जुने इंग्रज लेखक ‘नानाघाट’च लिहीत. गांवकरी कोणा नानाची गोष्ट सांगूं लागला कीं आम्ही पदवीधर गालांतल्या गालांत हंसतों. त्याच्या गोष्टीस पुरावा नाहीं, कबूल. आमच्या गोष्टीस कोणता आहे?

मला खरा राग येतो तो निराळ्याच कारणानें. मंडळी रांजणाभोंवतीं छायाचित्रें काढतात आणि लेण्यांत डोकावून परततात. भारतांतील अत्यंत प्राचीन अंकचिन्हांपैकीं कित्येक त्या भिंतीवर आहेत. सिमुक, सातकर्णि, नागनिका ह्यांच्या नष्ट झालेल्या मूर्तींवरचीं नांवें तेथें आहेत. जें खरोखर लिहिलेलें आहे तें कोणी वाचीत नाहीं, आणि जें कोठेंच लिहिलेलें नाहीं तें सर्वांस तोंडपाठ! यंदां ‘नांवाचा उगम अनिश्चित’ असें लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास मी पूर्ण गुण देणार आहें. रांजणवाल्यांनीं तक्रार खुशाल करावी.