विश्लेषण : गोव्याच्या शॅकमधला वडापाव कुणाला खुपतो?

परंडा : दिवाळी उरकली, रानातल्या कामाचा एक टप्पा हातावेगळा झाला, की परंडा-बार्शी पट्ट्यातील मित्रांचे गट गाडी करून गोव्याला निघतात. पंढरपूर, मिरज, कोल्हापूर, मग आंबोली घाट. सोबत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असतेच. काही गाड्यांत गॅसची शेगडीही असते. कळंगुट-बागा किनाऱ्यावर बसून काय खायचे, हा त्यांच्यासाठी खिशाचा प्रश्न. गोव्यात मात्र तो राजकारणाचा झाला आहे.

वाद कशावरून?

कळंगुटचे भाजप आमदार मायकल लोबो यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये विदेशी पर्यटक रोडावल्याचे एक कारण सांगितले : शॅकमध्ये वडापाव आणि इडली-सांबार मिळू लागले. स्थानिक लोक आपल्या शॅक बेंगळूरु वगैरे ठिकाणच्या व्यावसायिकांना भाड्याने देतात, असा त्यांचा आक्षेप होता. युक्रेन युद्धामुळे रशियन आणि युक्रेनियन पर्यटक कमी झाले, हेही ते त्याच वेळी बोलले. पण बातमी झाली ती वडापावची. त्याआधीच पर्यटनमंत्री रोहन खंवटे यांनी शॅकच्या मेनूत मासळीची आमटी-भात आणि इतर गोमंतकीय पदार्थ ठेवणे बंधनकारक असल्याचे जाहीर केले होते. २०२३-२६ च्या शॅक धोरणातच ती तरतूद आहे.

आकडे काय सांगतात?

२०१९ मध्ये गोव्यात सुमारे ७१ लाख देशी आणि ९.३७ लाख विदेशी पर्यटक आले. २०२४ मध्ये देशी ९९ लाखांवर गेले, विदेशी ४.६७ लाखांवर राहिले. म्हणजे विदेशी निम्मे झाले, हे खरे. पण २०२३ मध्ये ते ४.५२ लाख होते. २०२४ मध्ये किंचित वाढलेच. मोठी घसरण करोनाकाळातली आणि ती अजून भरून निघालेली नाही. ब्रिटनमधून चार्टर विमाने भरून पाठवणारी थॉमस कुक कंपनी सप्टेंबर २०१९ मध्येच बुडाली होती. त्यानंतर करोना आला, मग युद्ध. यात वडापावाचा वाटा शोधणे कठीण आहे.

खरी गोष्ट वेगळीच. आज गोव्यात येणाऱ्या शंभरातले ९५ पर्यटक देशी आहेत. मोरजीसारख्या किनाऱ्यावरचे मेनूकार्ड आठवडेच्या आठवडे मुक्काम करणाऱ्या रशियन पाहुण्यांसाठी बनले होते. आता समोर बसलेला पाहुणा दोन रात्रींसाठी आलेला असतो, त्याच्या गटात एक-दोघे शाकाहारी असतात आणि समुद्राची मासळी त्याच्या रोजच्या जेवणातली नसते. परंड्यात मासा म्हणजे सीना-कोळेगावसारख्या धरणातला. किंगफिशची किंमत ऐकून तो वडापाव मागणारच, आणि मागणी असेल ते दुकानदार ठेवणारच.

मग शॅक दुसऱ्याच्या हाती का जाते?

लोबोंच्या तक्रारीतला हा भाग दुर्लक्षिण्याजोगा नाही. शॅकचा परवाना सोडतीने आणि स्थानिकांनाच मिळतो. बांबू-झावळ्यांची ही तात्पुरती बांधणी. किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम वाळूवर पक्के बांधकाम करू देत नाहीत. ऑक्टोबरच्या सुमारास उभारायची, मे अखेरीस मोडायची. भांडवल दरवर्षी नव्याने, कामगार बाहेरचे, धंदा जेमतेम आठ महिने आणि त्यातही कस लागतो तो डिसेंबरात. अशा वेळी बसल्या जागी ठरीव रक्कम घेऊन शॅक दुसऱ्याला देण्याचा मोह होतो. नियमाने हे बेकायदा आहे. मेनूत एक पदार्थ सक्तीचा करून ते थांबणार नाही. परवाना कुणाचा आणि गल्ल्यावर कोण, हे तपासावे लागेल.

परंड्याच्या गटाची अडचण काय?

शॅक परवडत नाही म्हणून किनाऱ्यावर शेगडी पेटवली, तर दंड. पर्यटन स्थळांच्या कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक करण्यावर, दारू पिण्यावर बंदी आली. एकट्याला २,००० रुपये, गटाला १०,००० रुपये दंड. ऑक्टोबर २०२२ च्या पर्यटन खात्याच्या आदेशाने ही रक्कम ५० हजारांपर्यंत नेली. वाळूत फुटलेल्या बाटल्या आणि खरकटे पाहिले की बंदीचे कारण कळते. पण ज्यांनी हे केले नाही, त्यांना स्वस्तात बसून जेवायची जागा किनाऱ्याजवळ फारशी उरत नाही. मुख्य रस्ता सोडून आत गेल्यास स्थानिक खानावळीत माशाची थाळी शॅकपेक्षा पुष्कळ कमी दरात मिळते, पण तिथून समुद्र दिसत नाही.

बिलात काय पाहायचे?

साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. ७,५०० रुपयांहून महाग खोल्यांच्या हॉटेलातील रेस्टॉरंट असेल तर १८ टक्के. दारू जीएसटीत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट आहे. त्यामुळे संपूर्ण बेरजेवर सरसकट जीएसटी लावला असेल, तर विचारावे. ‘सर्व्हिस चार्ज’ हा कर नव्हे. तो आपोआप बिलात टाकू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ते उचलून धरले. रेस्टॉरंट संघटना त्याविरुद्ध अपिलात गेल्या आहेत. तो काढायला नकार मिळाला, तर बिलाचा फोटो ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.