करारातला नकाशा

पर्थहून निघून ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याने एक्समाउथला पोहोचेपर्यंत साधारण साडेबाराशे किलोमीटर होतात आणि हा सगळा रस्ता डांबरी आहे. साधी मोटारगाडीही तो सहज पार करते. तरीही आपल्या पर्यटन व्यवसायात या मार्गासाठी फोर-व्हील-ड्राइव्ह कॅम्परची मागणी वाढते आहे, आणि ती रास्त आहे. लाल वाळूच्या टेकड्या थेट निळ्या पाण्यात उतरतात ते फ्रान्स्वा पेरों राष्ट्रीय उद्यान, ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचे पश्चिम टोक असलेला स्टीप पॉइंट, यार्डी खाडीच्या लगेच दक्षिणेचा निंगालूचा किनारा, या तिन्ही ठिकाणी डांबर सोडल्याशिवाय जाता येत नाही. शार्क बे 1991 मध्ये आणि निंगालू किनारा 2011 मध्ये जागतिक वारसा यादीत आला. निंगालूत व्हेल शार्कचा हंगाम मार्च ते जुलै, म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी त्यात नेमकी बसते. प्रवाशाला तिथे न्यावेसे वाटणे स्वाभाविकच आहे.

माझा आक्षेप आपण हे विकतो कसे यावर आहे. आपण गाडी विकतो, फोटो विकतो, रोजचे भाडे सांगतो. करार मात्र प्रवाशाच्या हातात पहिल्यांदा पडतो तो पर्थच्या काउंटरवर, रात्रभराच्या विमानप्रवासानंतर, मुले पेंगुळलेली असताना. गाडी जिथे जाऊ शकते तो एक नकाशा आणि करार जिथे जाऊ देतो तो दुसरा. हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवून पाहणे हे आपले काम आहे, प्रवाशाचे नव्हे.

भाडेकरारांची साधारण रीत अशी. कच्च्या रस्त्यांना परवानगी असते, पण ठरावीक वाटांसाठी कंपनीची लेखी संमती लागते. समुद्रकिनाऱ्यावर गाडी चालवणे, खाऱ्या पाण्यात घालणे, पाण्यात बुडून झालेले नुकसान, गाडीच्या पोटाला किंवा छपराला लागलेला मार, दुसऱ्या वाहनाचा संबंध नसताना गाडी उलटणे यांपैकी बऱ्याच गोष्टी विमा संरक्षणाच्या बाहेर ठेवलेल्या असतात. जादा पैसे भरून एक्सेस, म्हणजे नुकसानीत भाडेकरूने भरायचा वाटा, शून्यावर आणला तरी या वगळलेल्या गोष्टी तशाच राहतात. ‘फुल कव्हर घेतले आहे’ हे प्रवाशाला सांगताना आपण इथेच चुकतो. रुतलेली गाडी ओढून काढण्याचा खर्च बहुधा भाडेकरूचाच, आणि शेकडो किलोमीटरवरून मदत येणार असेल तर तो सहलीच्या खर्चाशी स्पर्धा करतो. भारतातून घेतलेला प्रवास विमा मुख्यतः आजारपण, सामान आणि रद्द झालेला प्रवास यांच्यासाठी असतो. करार मोडून झालेल्या नुकसानीसाठी त्याच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.

यार्डी खाडीचेच पाहा. एक्समाउथकडून येणारा डांबरी रस्ता तिथे संपतो. पलीकडे कोरल बेकडे जाणारी वाट आहे आणि नकाशावर ती सरळ, मोहक दिसते. मधे खाडीचे वाळूचे मुख आहे आणि ते ओलांडता येईल की नाही हे भरती-ओहोटी आणि वाळूची त्या दिवशीची स्थिती ठरवते. गाडी सक्षम आहे, वाट अधिकृत आहे, आणि तरीही करारातले खाऱ्या पाण्याचे कलम तिथेच आडवे येते. आपल्या आराखड्यात ‘यार्डी खाडीमार्गे कोरल बे’ असे छापण्याआधी कंपनीकडून ईमेलने होकार घ्यायला हवा. फोनवरचा होकार पुरत नाही.

वाळूबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. थारवाला किंवा फॉर्च्युनरवाला प्रवासी समोर बसतो तेव्हा आपणही निर्धास्त होतो. सह्याद्रीतल्या दगडांचा आणि पावसाळी चिखलाचा सराव मोलाचा आहे, पण मऊ, कोरड्या वाळूत त्यातले फार थोडे कामी येते. आपल्याच कोकणात पुळणीवर उतरवलेल्या गाड्या भरतीच्या पाण्यात अडकल्याच्या बातम्या दर सुट्टीत येतात, त्यांतल्या कित्येक दणकट एसयूव्ही असतात. वाळूत गाडी चालते ती टायरमधल्या हवेच्या हिशेबावर. सामान, पाणी आणि माणसे धरून तीन टनांच्या आसपास गेलेला कॅम्पर रस्त्यावरच्या दाबानेच वाळूत घातला तर तो स्वतःचा खड्डा स्वतः खणतो. दाब 20 पीएसआयपर्यंत उतरवला की टायर चपटा होऊन जमिनीवर लांब टेकतो आणि वजन पसरते. मग वेग कमी ठेवायचा, वळण झटक्यात घ्यायचे नाही, आणि डांबरावर परतण्याआधी हवा पुन्हा भरायची, कारण कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फाटतो. पेरों उद्यानात जुन्या मेंढपाळ वसाहतीपाशी हवा भरण्याची सोय आहे, इतरत्र ती आपल्यासोबत हवी. दाबमापक, कंप्रेसर, फावडे आणि वाळूतून निघायच्या पट्ट्या भाड्यात आहेत का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. बऱ्याचदा या वस्तू वेगळ्या मागाव्या लागतात.

पेरों उद्यानातच ‘बिरिडा’ नावाची जिप्समची सपाट मैदाने आहेत. वरची पपडी कडक दिसते, खाली चिखल असतो. वाट सोडून त्यावर गेलेली गाडी बाहेर काढणे हे तिथल्या वनरक्षकांसाठीही अवघड काम आहे. ही एक ओळ मराठीत, ठळक अक्षरात, प्रत्येक आराखड्यात असावी असे मला वाटते.

आसनांचा प्रश्नही आपण हलक्यात घेतो. चार जणांची झोपायची सोय म्हणजे चार जणांची बसायची सोय नव्हे. लँड क्रूझर ट्रूपीवर बांधलेल्या अनेक कॅम्परमध्ये पुढच्या दोनच जागा असतात. ऑस्ट्रेलियात सात वर्षांखालील मुलाला मान्यताप्राप्त बालआसन बंधनकारक आहे आणि ते अडकवायची जागा प्रत्येक कॅम्परमध्ये नसते. लहान मुलांच्या कुटुंबाला छतावर तंबू असलेली डबल कॅब गाडी बरी.

बाकीची तयारी आपल्या अनुभवी व्यावसायिकांना माहीत आहे: आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना, एक्समाउथजवळच्या केप रेंज राष्ट्रीय उद्यानातल्या तळांचे सहा महिने आधी उघडणारे आरक्षण, तिथे पिण्याचे पाणी मिळत नाही ही गोष्ट, सूर्यास्तानंतर कांगारूंमुळे गाडी न चालवणे, मोबाइलला रेंज नसलेल्या पट्ट्यांसाठी उपग्रह फोन किंवा आपत्कालीन बीकन. नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. 1999 च्या मार्चमध्ये ‘व्हान्स’ने एक्समाउथजवळ ताशी 267 किलोमीटरचा झोत नोंदवला होता. नाताळच्या सुट्टीसाठी आग्रह धरणाऱ्या प्रवाशाला हे सांगायला संकोच नको.

आणि कधी कधी नकार द्यायला हवा. ज्याने आयुष्यात लो-रेंज गिअर वापरलेला नाही, सोबत वयस्क आई-वडील आहेत आणि हाताशी मोजके दिवस आहेत, त्याला कॅम्पर विकून आपले कमिशन वाढते, त्याची सहल सुधारत नाही. त्याला साधी गाडी द्या, शार्क बेमधल्या डेनहॅम किंवा मंकी मियात मुक्काम द्या, आणि पेरों उद्यानासाठी एका दिवसाचा स्थानिक वाटाड्या त्याच्या वाहनासह ठरवा. शार्क बेच्या मलगाना लोकांसाठी ही भूमी गुथारागुडा आहे, आणि तिथल्या आदिवासी वाटाड्यांसोबत केलेली फेरी कित्येकदा स्वतः गाडी हाकण्यापेक्षा अधिक काही दाखवते. कोटेशनमध्ये हा पर्याय कॅम्परच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात, किमतीसह छापा.