उतरणारा पुरुषच का?
अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये कामावर असताना ५,४८६ माणसं दगावली. त्यांत स्त्रिया आठ टक्क्यांच्या आसपास, बाकी सगळे पुरुष. लाकूडतोड, छपरांची कामं, मासेमारी, ट्रक चालवणं, जीव घेणारे धंदे वर्षानुवर्षं हेच. हे प्रमाण उलटं असतं तर तो स्त्रियांचा प्रश्न म्हणून पहिल्या पानावर आला असता, आणि ते योग्यच झालं असतं. पुरुष मेले की बातमी ‘कामगार’ एवढ्यावर थांबते. आपल्याकडे गटारात गुदमरलेल्यांची बातमी वाचा: मृतांचा आकडा, विषारी वायू, ठेकेदारावर गुन्हा. आत उतरवायला पुरुषच का धरला जातो, ‘घाबरतोस काय?’ या एका प्रश्नापुढे तो मास्क मागायचा का थांबतो, हे कुणी विचारत नाही. (कोरड्या संडासांची मैलासफाई मात्र बहुतेक बायकांच्याच माथी मारली गेली, आणि दोन्हीकडे जात तीच, हे विसरून चालणार नाही.) संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरलं; ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई ३० लाखांवर नेली. बातम्यांत उरली ती रक्कम. मला मृत्यूच्या आधीची बातमी हवी आहे: आज सकाळी कोणत्या वॉर्डात कोण दोरीशिवाय उतरला, आणि त्याला कुणी उतरवलं.